दुर्बिणीचा लोखंडी खांब: पाइपपेक्षा त्याची दोन टोकं सांभाळा

प्रश्न थोडक्यात असा आहे. राहुरीजवळ घरामागच्या अंगणात आठ इंची न्यूटोनियन (आरशाची) दुर्बीण कायमची बसवायची आहे. फोकल लेंग्थ १००० मिमी, जर्मन इक्वेटोरियल माउंट (ताऱ्यांमागे दुर्बीण फिरवणारी बैठक), आणि काम मुख्यतः फोटोग्राफीचं. ट्रायपॉडवर जरा वारा आला की तारे लांबट येतात, म्हणून लोखंडी खांब करायचा आहे. गावातला फॅब्रिकेटर म्हणतो चार इंची पाइप रग्गड झाला. इंटरनेटवरच्या अमेरिकी आणि युरोपीय आराखड्यांत दहा-दहा इंची पाइप, वर दोन प्लेटा आणि त्यांच्यामध्ये उंच स्टड (आटे पाडलेले गज), खाली मीटरभर खोल काँक्रीट दिसतं. अंगणात काळी माती आहे. मग पाइप किती जाड घ्यायचा आणि पाया किती खोल न्यायचा?

माझं उत्तर आधीच सांगतो: पाइप सहा इंची घ्या, पाच मिमी जाडीचा. एवढ्यावर पाइपचा विषय संपवा आणि उरलेलं सगळं डोकं, वेळ आणि पैसा खांबाच्या दोन टोकांवर घाला. वरचं टोक म्हणजे माउंट जिथे बसतं ती प्लेट आणि खालचं टोक म्हणजे माती. गेल्या वीस-बावीस वर्षांत मी स्वतःसाठी आणि मित्रांसाठी जे खांब केले, त्यांतला एकही पाइप कमी पडला म्हणून वाया गेला नाही. जे बिघडले ते सगळे टोकांशी बिघडले.

हे पटावं म्हणून थोडा हिशोब मांडतो.

तारा इतका दूर असतो की सगळी दुर्बीण मिलिमीटरभर बाजूला सरकली तरी फोटोत काहीच कळत नाही. फोटो बिघडतो तो दुर्बीण कलली किंवा पिळली की. त्यामुळे खांब ‘किती हलतो’ हे विचारू नका. ‘किती कलतो’ आणि ‘किती पिळला जातो’ हे विचारा. तुमच्या दुर्बिणीची नळी वाऱ्याला आडवी असेल तर ताशी ३० किमीच्या वाऱ्यात तिच्यावर साधारण किलोभराचा रेटा येतो. तेवढा रेटा १.२ मीटर उंचीच्या खांबाच्या माथ्यावर आडवा दिला, तर चार इंची पाइप (बाहेरचा व्यास ११४ मिमी, जाडी साडेचार मिमी) सुमारे ३.२ आर्कसेकंद (एक आर्कसेकंद म्हणजे अंशाचा ३६००वा भाग) कलतो. सहा इंची (१६५ मिमी, जाडी ५ मिमी) ०.९ आर्कसेकंद. आठ इंची (२१९ मिमी, जाडी ६ मिमी) ०.३ आर्कसेकंद. तुमच्या कॅमेऱ्याचा पिक्सेल ३.७६ मायक्रॉनचा धरला तर एका पिक्सेलमध्ये ०.७८ आर्कसेकंद मावतात. आपल्याकडच्या हवेत ताऱ्याचा ठिपकाच बऱ्याच रात्री दोन-तीन आर्कसेकंदांचा असतो. म्हणजे चार इंची पाइप उघडपणे कमी पडतो आणि सहा इंची पुरतो. आठ इंचीचा जो फायदा कागदावर दिसतो, तो आकाशात दिसणार नाही.

तुमचा फॅब्रिकेटर वजनाचा विचार करून बोलतो आहे. चाळीस किलोचं ओझं चार इंची पाइप आरामात पेलेल, त्यात तो चुकलेला नाही. पण आपल्याला ओझं पेलण्याशी कर्तव्य नाही, ताठपणाशी आहे. व्यास वाढला की ताठपणा फार झपाट्याने वाढतो, जाडी वाढवून तेवढा वाढत नाही. म्हणून चार इंची जाडजूड पाइपपेक्षा सहा इंची मध्यम जाडीचा पाइप केव्हाही सरस. उंचीचंही असंच आहे. तोच सहा इंची पाइप १.२ ऐवजी १.५ मीटरचा केला तर त्याचं कलणं दीडपटीहून जास्त होतं. कुंपणाच्या भिंतीवरून आणखी थोडं आकाश दिसावं म्हणून खांब उंच करायचा मोह होतो. तो आवरा.

मग आठ किंवा दहा इंची का नको? थोडा जास्त खर्च करायची तुमची तयारी असेलही. पण आपल्या अक्षांशावर जाड खांब नडतो. ही गोष्ट परदेशी आराखड्यांत कुठेच लिहिलेली नसते, कारण ते आराखडे ४०-५० अंश अक्षांशावर राहणाऱ्यांचे असतात. तिथे माउंटचा ध्रुवाक्ष (ध्रुवाकडे रोखलेला फिरण्याचा अक्ष) चांगला उभा असतो आणि काउंटरवेटचा, म्हणजे तोल साधणाऱ्या वजनांचा दांडा खांबापासून लांब पुढे येतो. राहुरीचा अक्षांश जेमतेम १९.४. आपला ध्रुवाक्ष जवळजवळ आडवा पडतो, आणि दांडा खाली आला की उभ्या रेषेपासून फक्त १९-२० अंश उत्तरेकडे झुकतो. म्हणजे वजनाची चकती खांबाच्या उत्तर अंगाला घासून जाते. ट्रायपॉडवर उत्तरेचा पाय वजनाला लागतो हे तुम्ही पाहिलंच असेल. जाड खांबात तेच होतं, फक्त तिथे पाय हलवून बसवायची सोय नसते. माउंट त्याच्या ‘होम’ स्थितीत, म्हणजे दांडा सरळ खाली, ठेवायला गेलं की चकती पाइपवर आपटते, आणि पूर्व-पश्चिमेला खाली असलेल्या काही ताऱ्यांकडे वळतानाही तोच धोका असतो. मोटर लागलेली असताना अशी टक्कर झाली तर गिअरला इजा होते.

म्हणून पाइप विकत घेण्याआधी हे करा. माउंट ट्रायपॉडवरच ठेवा, अक्षांशाचा स्क्रू १९.४ वर आणा, दांड्यावर नेहमीची सगळी वजनं चढवा आणि दांडा सरळ खाली सोडा. मग माउंटच्या मध्याला ओळंबा लावून दोरीपासून चकतीच्या आतल्या कडेचं अंतर मोजा. चकती दांड्यावर जिथे जिथे बसू शकते त्या प्रत्येक जागी मोजा. सहा इंची पाइपची त्रिज्या ८२-८३ मिमी आहे. कमीत कमी अंतर १०५-११० मिमीच्या वर असेल तर निश्चिंत राहा. त्याहून कमी असेल तर जास्त वजनं दांड्यावर वरच्या बाजूला घ्या, म्हणजे चकती उंचावर राहते आणि पाइपच्या माथ्याच्या वरूनच फिरते. तेही जमत नसेल तर माथ्यावर १५ सेमी उंचीचा, पाच इंची पाइपचा गळा करता येतो. तेवढ्या आखूड तुकड्याने ताठपणा फारसा जात नाही. माउंटच्या पुस्तिकेत अक्षांशाची खालची मर्यादाही बघून ठेवा. काही माउंटांचा तो स्क्रू २० अंशांच्या खाली गेला की अडतो.

आता वरच्या टोकाकडे येऊ. माझ्या मते सगळ्यात जास्त खांब इथेच बिघडतात.

आराखड्यांत दिसणारी ती रचना तुम्हाला माहीत आहे: पाइपवर एक प्लेट, तिच्यावर चार स्टड उभे, आणि शंभर-दीडशे मिमी वर दुसरी प्लेट, तिच्यावर माउंट. लोकांना ती आवडते, कारण मधल्या फटीत हात घालून माउंटचा बोल्ट आवळता येतो आणि नट वर-खाली करून लेव्हल साधता येते. दिसायलाही ती इंजिनिअरिंगची वाटते. पण ती करू नका, असं मी अगदी कळकळीने सांगतो.

का, ते हिशोबात बघा. एम-१२चे चार स्टड घ्या, मधली उघडी लांबी १०० मिमी, मध्यापासून अंतर ८० मिमी. पुढे-मागे कलण्याला ते बऱ्यापैकी विरोध करतात, कारण तेव्हा स्टड ताणले आणि दाबले जातात, आणि लोखंड ताणाला खंबीर असतं. पण न्यूटोनियनची नळी माउंटच्या एका बाजूला असते. वारा तिच्यावर आला की रेटा मध्यावर न येता फूटभर बाजूला येतो आणि सगळं माउंट उभ्या अक्षाभोवती पिळायला बघतो. तेव्हा ते चार स्टड वाकतात, आणि वाकायला १२ मिमीचा गज अगदी नाजूक असतो. आटे कापल्यावर त्याचा आतला गाभा दहा मिमीच उरतो. किलोभर रेटा, ३० सेमी बाजूला, एवढ्यावर तो चार स्टडांचा पिंजरा २० आर्कसेकंद पिळला जातो. त्याच रेट्याने खालचा १.२ मीटरचा सहा इंची पाइप ०.६ आर्कसेकंद पिळला जातो. सगळा खांब एकीकडे आणि वरचे चार इंच एकीकडे! वर दहा इंची पाइप घेऊन त्यावर असा पिंजरा बसवला तर पाइपचे पैसे शब्दशः मातीत गेले.

त्याच हिशोबात उपायही आहे. उघडी लांबी चौथाईवर, म्हणजे २५ मिमीवर आणली तर पिळणं चौसष्टाव्या भागावर येतं. उघडी लांबी शून्य करता आली तर त्याहून उत्तम. मी दुसरा मार्ग धरतो.

पाइपच्या माथ्यावर १६ मिमी जाडीची, २२० मिमी व्यासाची फ्लॅंज (गोल कडा-प्लेट) वेल्ड करून घ्यायची, मध्ये मोठं भोक ठेवून. तिच्यावर २० मिमी जाडीची वेगळी गोल प्लेट सहा एम-१२ बोल्टांनी सपाट बसवायची. दोघींत फट ठेवायची नाही. ही वरची प्लेट लेथवर टर्न करून घ्या. माउंटच्या बुडाला जो गोल खाचा किंवा उंचवटा असतो, त्याचं माप व्हर्नियरने घेऊन टर्नरला प्रत्यक्ष माउंटच दाखवा. कागदावरच्या आकड्यावर काम सोपवू नका. मध्यातला बोल्ट खालून आवळता यावा म्हणून पाइपला माथ्यापासून १५ सेमी खाली, दक्षिणेच्या अंगाला एक खिडकी कापा. ७५ मिमी रुंद आणि १०० मिमी उंच, एवढी पुरते. तिचे कोपरे गोल ठेवा, म्हणजे तिथे ताण साठत नाही. हात नीट जातो ना, हे घरच्या सगळ्यात जाड मनगटाच्या माणसाकडून तपासून घ्या. खिडकीला रबरी पट्टीसह पत्र्याचं झाकण हवं, नाहीतर पहिल्याच उन्हाळ्यात गांधीलमाशा आत घर करतात.

वेल्डिंगच्या उष्णतेने फ्लॅंज थोडी वाकडी होणारच, कितीही जपलं तरी. ती पुन्हा लेथवर घ्यायची म्हटलं तर सव्वा मीटरचा पाइप फिरवणारं मोठं लेथ शोधावं लागतं. त्यापेक्षा सोपी युक्ती आहे. फ्लॅंजवर धातूचा चुरा असलेल्या एपॉक्सी पुटीचा पातळ थर लावायचा, वरच्या प्लेटच्या बुडाला ग्रीस चोळायचं, आणि प्लेट ठेवून बोल्ट हाताने टेकवण्यापुरतेच आवळायचे. दुसऱ्या दिवशी पुटी घट्ट झाली की बोल्ट पूर्ण आवळा. दोन्ही पृष्ठभाग आता एकमेकांना सगळीकडे टेकलेले असतात. ग्रीसमुळे पुढे कधी प्लेट काढायची झाली तर सहज निघते.

माउंटचे दिशेचे दोन स्क्रू ज्या खुंटीवर दाबतात ती खुंटी विसरू नका. ती प्लेटच्या उत्तर अंगाला यायला हवी. पुढची सगळी पोलर अलाइनमेंट (ध्रुवाक्ष ध्रुवाकडे नेमका रोखणं) तिच्यावर अवलंबून आहे, म्हणून ती प्लेटमध्ये आटे पाडून घट्ट बसवा.

लेव्हलचं काय, हा प्रश्न येईलच. प्लेट पाणसळीत असायलाच हवी हा समज खोलवर रुजलेला आहे, आणि लोक तो पिंजरा याच समजापायी करतात. ध्रुवाक्ष ध्रुवाकडे रोखला की काम झालं, खालची प्लेट अर्धा-एक अंश तिरकी असली तरी माउंटला त्याचं काही नसतं. तिरकेपणामुळे उंची आणि दिशा यांचे स्क्रू एकमेकांत थोडे गुंततात, एवढंच. पाया घालतानाच साध्या पाणसळीने जमेल तेवढी लेव्हल धरा, ती पुरे.

पाइपबद्दल थोडं राहिलं. तो नवाच घ्यायला हवा असं नाही. भोसरी-चाकणच्या बाजूला भंगारात चांगले तुकडे किलोवर मिळतात, तुमच्याकडे एमआयडीसीच्या आसपास चौकशी करा. आतून पापुद्रे सुटलेला नको, टोकं चेपलेला नको. पण गॅल्व्हनाइज्ड पाइप वेल्डिंगसाठी घेऊ नका. जस्ताचा धूर श्वासात गेला की वेल्डरला त्याच रात्री थंडी वाजून ताप भरतो. काळाच पाइप घ्या. १.२ मीटरचं वजन २४ किलोच्या आसपास भरेल. खाली ३५० मिमी चौकोनी आणि २० मिमी जाडीची बेस प्लेट, आणि पाइप व प्लेट यांच्यामध्ये चार त्रिकोणी पट्ट्या, साधारण २०० मिमी उंच. पट्ट्या पाइपला ताठ करण्यासाठी नसतात, बेस प्लेट मध्यात वाकू नये म्हणून असतात. त्या बोल्टांच्या दिशेने, म्हणजे कोपऱ्यांकडे लावा. वेल्डरला सांगा की एका बाजूची शिवण सलग मारू नकोस, समोरासमोर थोडी-थोडी मार. तयार खांब पंचावन्न-साठ किलोचा होईल. दोघांनी उचलावा.

पाइपमध्ये वाळू भरायची का? भरा, पण कशासाठी ते समजून भरा. वाळूने खांब ताठ होत नाही. नुसता लोखंडी पाइप घंटेसारखा घणघणतो, ती घणघण वाळू गिळते. फोकसच्या चाकाला हात लागल्यावर चित्र थरथरून स्थिर व्हायला जो वेळ लागतो तो कमी होतो. साधारण ३० किलो वाळू खिडकीच्या खालपर्यंत बसेल. ती पूर्ण कोरडी हवी. पत्र्यावर पसरून दोन दिवस कडक उन्हात वाळवा, ओली वाळू पाइप आतून खाते. काँक्रीट भरून मात्र खांब कायमचा करू नका. पुढे घर बदलेल, दुर्बीण बदलेल, तेव्हा पाइप पुन्हा कापता-जोडता यायला हवा.

आता खालचं टोक. इथे मी स्वतः ठेच खाल्ली आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

माझा पहिला खांब मी काळ्या मातीत दोन फूट खोल पायावर उभा केला. मार्च ते मे काम उत्तम झालं. ऑक्टोबरात झाकण काढलं तर ध्रुवाक्ष जवळजवळ अर्धा अंश सरकला होता. मी आधी माउंटला दोष दिला, मग पाणसळ लावल्यावर कळलं की काँक्रीटचा ठोकळाच कलला आहे. काळी माती पाणी पिऊन फुगते आणि उन्हाळ्यात आकसून तिला हात जाईल एवढ्या भेगा पडतात. तिच्यातल्या चिकणमातीचा तो स्वभाव आहे. ती ठोकळ्याला एकीकडून जास्त उचलते आणि दुसरीकडून कमी. अमेरिकी आराखड्यांत पाया खोल नेतात तो जमीन गोठते त्या थराच्या खाली जाण्यासाठी. आपल्याकडे जमीन गोठत नाही. आपल्याला जायचं असतं ते काळ्या थराच्या खाली, मुरुमापर्यंत. म्हणून ‘किती फूट’ या प्रश्नाला माझं उत्तर ‘मुरूम लागेपर्यंत’ एवढंच आहे.

शेजारच्या विहिरीच्या किंवा बांधकामाच्या खड्ड्यात डोकावून बघा, थर किती आहे ते लगेच कळेल. तीन-चार फुटांवर मुरूम लागत असेल तर तुम्ही नशीबवान आहात. दोन फूट बाय दोन फूट खड्डा मुरुमात अर्धा फूट आत जाईपर्यंत खणा. वरपासून खालपर्यंत सगळं काँक्रीट भरायची गरज नाही. खाली दोन फुटी चौकोन एक फूट जाडीचा, आणि त्यावर सव्वा-दीड फुटी चौकोनी खांब जमिनीच्या चार इंच वर येईपर्यंत, असं केलं तरी चालतं. त्यात १२ मिमीच्या चार सळया आणि फूटभराच्या आत रिंगा. सिमेंट, वाळू आणि खडीचं प्रमाण एकास दीडास तीन. खड्ड्याची उरलेली जागा काळ्या मातीने परत भरू नका, मुरूम आणून थराथराने ठोकून भरा, म्हणजे फुगणारी माती काँक्रीटच्या अंगाला थेट भिडत नाही. कोकणात जांभ्यावर बांधणाऱ्यांना यातलं काहीच करावं लागत नाही, त्यांचा खडक फूटभरावरच वाट बघत असतो.

प्रवरेच्या काठाला काळी माती कित्येक ठिकाणी माणसापेक्षा खोल असते. तुमच्याकडे तसं निघालं तर दोन मार्ग आहेत. रुरकीच्या केंद्रीय इमारत संशोधन संस्थेने अशाच मातीसाठी ‘अंडर-रीम्ड पाइल’ विकसित केली. अरुंद भोक खोल पाडायचं, तळाशी ते फुगवून कांद्यासारखं करायचं आणि काँक्रीट ओतायचं, म्हणजे वरची माती कितीही फुगली तरी तळ धरून राहतो. घरं बांधणारे ती वापरतात. जवळपास कोणाचं काम चालू असेल आणि त्यांचं अवजार आलेलं असेल तर एक भोक तुमच्यासाठी पाडून घ्या.

दुसरा मार्ग साधा आहे, आणि मी बहुतेकांना तोच सुचवतो: अडीच फूट बाय अडीच फूट, तीन फूट खोल ठोकळा घाला आणि तो वर्षातून एकदा थोडा कलेल हे मान्य करा. जून ते सप्टेंबर आपण तसेही दुर्बीण लावत नाही. पावसाळा संपला, माती आपल्या जागी बसली की दिवाळीच्या सुमारास एकदा पोलर अलाइनमेंट पुन्हा करायची, अर्ध्या तासाचं काम. महिन्यांत होणारं हळू कलणं फोटोला बाधत नाही. वाऱ्याने, पावलांनी होणारी क्षणाची थरथर बाधते, आणि टनाच्या वर वजन असलेल्या ठोकळ्यात ती राहत नाही.

काँक्रीट ओतण्याआधी फाउंडेशन बोल्ट प्लायवूडच्या फर्म्यात अडकवून घ्या. एम-१६, ४५० मिमी लांब, खालून वाकवलेले. फर्मा बेस प्लेट ठेवूनच ड्रिल करा. चौकोनाची एक बाजू उत्तरेला लावायची तर होकायंत्र सळयांजवळ नेऊ नका, लोखंड सुईला ओढतं. आदल्या रात्री ध्रुवतारा बघून जमिनीवर दोन खुंट्या ठोका. तो खऱ्या ध्रुवापासून पाऊण अंशाच्या आत असतो, या कामाला तेवढं पुरतं. ढग असतील तर खऱ्या मध्यान्हीची ओळंब्याची सावली घ्या. आपल्या भागात ती घड्याळात बाराला पडत नाही, वर्षाच्या सरासरीने साडेबाराच्या पुढे पडते, म्हणून त्या दिवसाची नेमकी वेळ पंचांगातून किंवा ॲपवरून बघा. मे ते जुलै मात्र हा खटाटोप करू नका. सूर्य डोक्यावर असतो आणि सावली नावापुरतीच उरते.

काँक्रीटचा माथा चारी बाजूंना उतरता करा, पाणी प्लेटखाली साचायला नको. केबलसाठी एक पीव्हीसी पाइप आधीच आत टाकून ठेवा, हे सगळे विसरतात. भोवती फरशी करणार असाल तर ती ठोकळ्याला चिकटू देऊ नका. मध्ये इंचभर थर्माकोल ठेवा, नाहीतर तुमचं प्रत्येक पाऊल दुर्बिणीला कळेल. दहा दिवस तरी ओलं गोणपाट ठेवून पाणी मारा, आणि महिनाभर खांबाला हात लावू नका.

बेस प्लेट बसवताना खालच्या नटांवर ती लेव्हल करून घ्या. फट २५ मिमीच्या वर नको, कारण तीही त्या पिंजऱ्याचीच धाकटी बहीण आहे. मग त्या फटीत न आकसणारं ग्राउट (फट भरायचा सिमेंटचा मसाला) ठासून भरा. पुढे लेव्हल बदलता येणार नाही म्हणून लोक ते टाळतात. टाळू नका.

रंगाचं काम पावसाच्या आधी उरका. घासून रेडऑक्साइडचे दोन हात, वर पांढरा इनॅमल. पांढराच, कारण गडद खांब दिवसभर तापतो आणि रात्री नऊ-दहापर्यंत त्याच्यावरून उठणारी गरम हवा चित्र हलवते. पावसाळ्यात माउंट काढून घरात घ्या आणि माथ्यावर प्लास्टिकची मोठी बादली पालथी घाला. ताडपत्री गुंडाळली तर आत ओल कोंडते आणि गंज आतूनच धरतो. खांबापर्यंत २३० व्होल्ट न नेता १२ व्होल्ट न्या. वळवाच्या दिवसांत आभाळ गडगडायला लागलं की सगळ्या वायरी काढून टाका, उघड्या अंगणातला तो उंच लोखंडी खांब आहे.

आणखी एक गोष्ट खड्डा खणण्याआधी बघायची. ध्रुवतारा तुमच्याकडे क्षितिजापासून फक्त १९-२० अंशांवर असतो. उत्तरेला दहा मीटर उंचीची इमारत असेल तर ती खांबापासून किमान २५ मीटर दूर हवी, नाहीतर तो झाकला जाईल. झाकला गेला तरी ड्रिफ्ट पद्धतीने, म्हणजे दुसरे तारे कुठे सरकतात ते बघून, अलाइनमेंट होते, पण दर दिवाळीला ते करत बसण्यापेक्षा जागा चार पावलं सरकवलेली बरी. रात्री खुर्ची टाकून, दुर्बिणीच्या उंचीवर डोळा ठेवून, अंगणाच्या तीन-चार जागांवरून बघा.

खांब उभा राहिला की परीक्षा अशी घ्या. वारा नसलेल्या रात्री तारा मोठ्या मॅग्निफिकेशनवर मध्यात आणा आणि पाइपला बोटाच्या पेराने टिचकी मारा. चित्र सेकंदाच्या आत थांबायला हवं. मग तशीच टिचकी वरच्या प्लेटला, आणि मग माउंटच्या अंगाला मारा. जिथून पुढे थरथर लांबते तिथे तुमचा कमकुवत सांधा आहे. बहुतेक वेळा तो माउंटमध्येच निघतो, आणि तसं निघालं तर खांबाचं काम चोख झालं असं समजा.

आता घाई कशाचीच नाही. या आठवड्यात ओळंब्याचं माप घ्या आणि शेजारच्या विहिरीत काळा थर किती आहे ते बघा. हे दोन आकडे आणि माउंटच्या बुडाचा व्यास कळवलात की वरच्या प्लेटचं मापासह चित्र काढून देतो. तोवर पाइप कापू नका.